पुढचा ओटा

दगडाबाईबद्दल माझ्यासमोर कोणी वाईट बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर मी बोलेन, तो हक्क मी कमावलाय. बाई तोंडाची फाटकी, भांडायला कायम पदर खोचलेला, आणि मासळी निवडून देताना गिऱ्हाइकाच्या पिशवीत एक तरी मऊ पडलेला बोय मासा सरकवणारच. तरी रोज सकाळी गावदेवीला हात जोडते ना, तेव्हा घरच्यांनंतर मी तिचं नाव घेते. माझी मुलगी जनी हसते. म्हणते, "आई, तिच्याशी तर तू सारखी भांडतेस." भांडते ना! भांडणार. पण नाव घेते. का ते सांगते.

एक काळ असा होता की आम्ही दोघी एकमेकींशी बोलतसुद्धा नव्हतो. कारण सांगून टाकते, नाहीतर तुम्हाला वाटेल काहीतरी भारी असेल. एक गिऱ्हाईक माझा जिताडा हातात धरून उभं होतं. भाव जमत आलेला. तेवढ्यात ही बया पलीकडून म्हणते, "दादा, तो कालचा हाय." कालचा! माझ्या नवऱ्यानं, परशुरामनं, पहाटे खाडीतून काढलेला, कल्ले लालभडक. त्या माणसानं जिताडा ठेवला आणि गेला तिच्याकडे. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्या दिवसापासून मी तिचं तोंड बघणं सोडलं. एका रांगेत बसायचो आणि शेजारच्या बाईकडून निरोप पाठवायचो.

आमचं गाव ठाण्यात, बाळकुमच्या अंगाला, खाडीला लागून. खाडीत मोठाले खुंट रोवलेले असायचे, त्यांना जाळं बांधायचं आणि भरती-ओहोटीची वाट बघायची. पण सगळ्या खुंटांना सारखी मासळी लागत नाही. मध्ये, जिथं पाण्याला जोर, तिथं जाळं भरून यायचं, आणि कडेच्या खुंटाला चिखल आणि पालापाचोळा. म्हणून दरसाल नारळी पुनव झाली की गावदेवीसमोर चिठ्ठ्या पडायच्या. चिठ्ठीत येईल तो खुंट वर्षभर तुझा. कडेचा लागला तर लागला, कपाळाला हात लावायचा आणि वर्ष काढायचं. पुढच्या साली परत चिठ्ठ्या, आणि आधी कडेला बसलेल्याला चांगल्या जागी पहिला मान. माझ्या सासऱ्याच्याही आधीपासून हेच चालत आलेलं. ह्यात कोणी कोणावर उपकार केले असं कोणाच्या मनातही यायचं नाही.

आता ह्या चिठ्ठ्यांनीच आमचा घात कसा केला ते ऐका.

एकोणनव्वद साली आमच्यासाठी नवा मासळी बाजार बांधला. त्याआधी आम्ही रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून बसायचो, आज इथं तर उद्या तिथं. नवा बाजार म्हणजे डोक्यावर पत्रा, पायाखाली फरशी, पाण्याचा नळ आणि प्रत्येकीला दगडी ओटा. प्रभाकर म्हणून बाजाराचा कारकून होता, भला माणूस, त्यानं सगळ्यांना बोलावलं आणि डब्यातून चिठ्ठ्या काढायला लावल्या. दगडाबाईला लागला पुढचा ओटा, अगदी दारातला, रस्त्यावरून बस जाताना आतल्या माणसाला तिची मासळी दिसावी असा. मला लागला सगळ्यात मागचा, उघड्या गटाराशेजारी, जिथं दिवसासुद्धा बल्ब लावावा लागायचा.

मी काय केलं असेल? हसले! सगळ्या हसल्या. हौसाबाई आमच्यातली सगळ्यात म्हातारी, ती म्हणाली, "सगुणे, कडेचा खुंट लागला गो तुला यंदा." मी म्हटलं, "असू दे आत्या, पुढल्या साली बघते एकेकीला." आणि प्रभाकरनं पुढं केलेल्या कागदावर अंगठा उठवून मोकळी झाले. आम्हाला चिठ्ठी म्हणजे वर्षाची, एवढंच ठाऊक. ती कायमचीही असते हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. विचारायचं असतं हेसुद्धा नाही.

वर्ष काढलं. कसं काढलं ते माझं मला माहीत. गिऱ्हाईक दारातून आत शिरलं की पहिल्या चार ओट्यांवर पिशवी भरायची. मागं यायचं कशाला, नाक दाबून? दुपार व्हायची आणि माझी मासळी तशीच. आपण मासळीवाली असून रोज उरलेली मासळीच खायची, तीही मऊ पडलेली, ह्यासारखा वैताग नाही. नारळी पुनव झाली तशी मी तयार होऊन प्रभाकरकडे गेले. म्हटलं, "भाऊ, चिठ्ठ्या कधी?"

"कसल्या चिठ्ठ्या?"

"ओट्यांच्या. वर्ष झालं की."

तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, ती जागा कायमची असते. तुमच्या नावावर झालीये ती. तुमच्यानंतर मुलीच्या नावावर होईल."

बाई गं! म्हणजे गटार माझ्याच नाही, माझ्या पोरीच्याही नावावर. प्रभाकरला वाईट वाटलं असावं. त्यानं चहा मागवला आणि समजूत घालायला लागला. "थोडं थांबा मावशी. बाळकुमला केवढ्या बिल्डिंगी होताहेत बघताय ना? माणसं येतील, गिऱ्हाईक दुपटीनं वाढेल. पुढच्यांचं भरलं की मागच्यांनाही मिळणारच." त्याच्या पोटात पाप नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. मलाही वाटलं.

माणसं आली. स्कूटरवाली आली, गाडीवाली आली. बाजाराच्या दारात सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. आणि ती सगळी गर्दी दारातच! दगडाबाई भाऊच्या धक्क्यावरून बर्फातली पापलेटं आणायला लागली, सुरमई आणायला लागली. तिला हाताखाली कापायला बाई ठेवावी लागली. गिऱ्हाईक दुपटीनं वाढलं हे अगदी खरं. माझ्या ओट्यापर्यंत मात्र त्यातलं एकही मेलं पोचलं नाही.

तोवर आमच्या घरचं गणित बिघडलेलं. खाडीला काळं पाणी यायला लागलं होतं आणि मासळी आटत चाललेली. परशुरामला दम्यानं धरलं, होडी किनाऱ्यावर उलटी पडली. घर चालायचं ते माझ्या टोपलीवर. गावातल्याच दोघांची मासळी मी विकायला घ्यायचे. माझे गुडघे आधीच गेलेले, म्हणून तर बसून धंदा करायला मिळाला ह्याचा केवढा आनंद झाला होता मला! एक दिवस सहदेव बर्फवाला आला. म्हणाला, "सगुणाबाई, तुमचा ओटा मला द्या. तसाही पडूनच आहे. मी माझ्या बर्फाच्या पेट्या ठेवीन." मी त्याला हाकलून दिलं. पण बोलला ते काही खोटं नव्हतं. ओटा सोडायचा तर काय करायचं? टोपली डोक्यावर घ्यायची आणि बिल्डिंगींचे जिने चढायचे. गुडघ्यांनी तर केव्हाच नाही म्हटलेलं.

जून महिना होता. शाळा सुरू व्हायची होती, जनी दहावीला जाणार होती. भाकऱ्या थापत होते, तर ही मागून येऊन म्हणाली, "आई, ओटा देऊन टाक त्या सहदेवला. मी टोपली घेऊन फिरते. शाळा राहू दे." किती शांतपणे म्हणाली! जणू पाणी भरून आणते म्हणावं. मी तवा तसाच ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. आमच्या घरात शाळेच्या पायऱ्या चढलेली ती पहिली पोर. आणि हिनं आता लोकांचे जिने चढायचे?

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले ती मनाशी ठरवून, की आज सहदेवला हो म्हणायचं. दुपारपर्यंत माझ्यासमोर एक मांजर येऊन बसलेलं, बाकी कोणी नाही. आणि दारात दगडाबाईचा आवाज, "ताजी पापलेटं! ताजी पापलेटं!" काय झालं मला कोण जाणे. उठले, तरातरा दारात गेले आणि भर गिऱ्हाइकांत तोंड सोडलं. इतक्या दिवसांचं सगळं. "पापलेटं विक! विक अजून! एका चिठ्ठीवर जन्माची राणी झालीस. तुझ्या नवऱ्याला कडेचा खुंट लागलेला तेव्हा पुढल्या साली माझ्या सासऱ्यानं मधला सोडून दिला होता, आठवतंय? आता माझी पोर शाळा सोडतेय. तुला काय गो त्याचं! तू बस पंखा लावून!"

मला वाटलं आता ही माझ्या झिंज्या धरणार. तिच्या तोंडाला तोंड देऊन कोणी घरी नीट गेल्याचं मला आठवत नाही. पण ती नुसती बघत राहिली, हातात पापलेट तसंच. त्यानं मी आणखी चिडले, टोपली उचलली आणि घरी निघून आले. ह्या गडबडीत सहदेवला हो म्हणायचं राहून गेलं.

म्हणून दुसऱ्या सकाळी परत गेले. अमावास्या होती. मागं जाऊन बघते तर माझ्या ओट्यावर, गटाराशेजारी, दगडाबाई बसलेली. मासळी मांडलेली, बल्ब लावलेला, आणि नाकाला पदर.

मला वाटलं टिंगल करतेय. "ऊठ," मी म्हटलं. "माझी जागा आहे ही."

"आज माझी पाळी हाय." दोन वर्षांत माझ्याशी बोललेला तिचा पहिला शब्द हा.

"कसली पाळी?"

"चक्रम हायस काय गो? जा, पुढं जाऊन बस. गिऱ्हाईक येईल आता."

मी दाराकडे पाहिलं. पुढचा ओटा रिकामा. धुतलेला. आजूबाजूच्या सगळ्या जणी आपापल्या जागी बसून माझ्याकडे बघत होत्या, पण त्या ओट्याला कोणी हात लावला नव्हता. आणि खरं सांगू? मला आनंदबिनंद काही झाला नाही. मला राग आला. माझी दया करते ही? काल भर बाजारात बोलले म्हणून आज मला भीक घालते? मी म्हटलं, "मला नको तुझी दया. माझं मी बघून घेईन."

तेव्हा मात्र ती उसळली, नेहमीची दगडाबाई झाली. "दया? तुझी? मेलीस तरी नाय करणार! तुझ्या सासऱ्यानं मधला खुंट सोडला तेव्हा मी काय त्याच्या पाया पडले होते? पाळी होती, सोडला. पाळीला कोण दया म्हणतं?"

हौसाबाई उठून आमच्यात आली. तिनं सांगितलं की काल मी गेल्यावर दगडाबाईनं धंदा बंद केला आणि सगळ्यांना बसवून घेतलं. ठरलं ते असं. कागदावर जिचं नाव जिथं आहे तिथं राहू दे. बसायचं मात्र पाळीनं. आज सगुणा आणि दगडाबाईनं जागा बदलायच्या, मग दर अमावास्येला पुढची उठून मागं जाईल आणि बाकीच्या एकेक ओटा पुढं सरकतील. मधल्या दोघी-तिघी कुरकुरल्या म्हणे. हौसाबाई म्हणाली, "कुरकुरू दे. चिठ्ठी वर्षाची असते हे समजूनच सगळ्यांनी अंगठे उठवलेले. आपण शब्द बदलायचा नाय."

प्रभाकर धावत आला. बिचाऱ्याला घाम फुटलेला. "कागदावर नाव एकीचं आणि ओट्यावर बसणार दुसरी? मला नाही चालणार. वरून विचारलं तर काय सांगू?"

दगडाबाई मागून ओरडली, "मग तो कागद आणून बसव ओट्यावर! आणि त्यालाच सांग बोय साफ करायला!"

सगळा बाजार हसला. प्रभाकरही हसला. म्हणाला, "मी काही बघितलं नाही." आणि पुढची कितीतरी वर्षं त्यानं काही बघितलं नाही. त्याचेही उपकार आहेतच.

मी पुढच्या ओट्यावर जाऊन बसले. खाडीची कोलंबी होती आणि थोड्या चिंबोऱ्या. अकरा वाजायच्या आत टोपली रिकामी. मला कळेचना की आता करायचं काय! रिकाम्या टोपलीकडे बघत बसले. घरी जाताना जनीसाठी दहावीच्या वह्या घेतल्या आणि तिच्या पुढ्यात टाकल्या. ती बघत राहिली. मी म्हटलं, "बघतेस काय? शाळा आहे ना सोमवारी?"

आणि एक गंमत ऐका. मी गटारासाठी वर्षभर ओरडत होते तेव्हा पुढं बसणाऱ्या एकीलाही वास येत नव्हता. दगडाबाई तिथं बसली आणि दोन आठवड्यांत गटारावर फरश्या पडल्या! कारण सगळ्यांना कळलं, आज ना उद्या आपल्यालाही तिथंच बसायचंय. दिवे लागले, मागच्या भिंतीला खिडकी झाली, मागच्या बाजूला दुसरा नळ आला. बायकांचं शिष्टमंडळ घेऊन कोण गेलं असेल साहेबांकडे? तीच. तिच्यासमोर साहेब काय टिकणार!

पुढं पुढं खाडीची मासळी आणखी आटली. धंदा काही वाढला नाही आमचा, कमीच होत गेला. पण बाजार सोडून कोणी गेली नाही. कोणी बाळंत झाली, कोणी आजारी पडली तर तिची पुढची पाळी राखून ठेवायची, हेही ठरून गेलं. हौसाबाईला दिसेनासं झालं तेव्हा शेजारची तिची मासळी विकून द्यायची. आहे तेवढंच, पण फिरत राहिलं म्हणून सगळ्यांना पुरलं. जनी दहावी झाली, बारावी झाली, आता बालवाडीत शिकवते.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. माझी पहिली पाळी संपली त्या दिवसाचं.

आखाडातली अमावास्या. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणजे अर्धं ठाणं मासळी सोडणार. त्यामुळे त्या दिवशी माणसं मासळीवर नुसती तुटून पडतात. आणि नेमकं त्याच दिवशी मला पुढची जागा सोडून पार मागं जायचं होतं. महिनाभर पुढं बसून माझी सवय किती बिघडली होती म्हणून सांगू! गिऱ्हाइकं आता मला नावानं ओळखत होती. "सगुणाबाई, आमच्यासाठी ठेवा हं." मला वाटायला लागलेलं की धंदा माझ्या जिभेवर चालतो, जागेवर नाही.

त्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले आणि पुढच्याच ओट्यावर मासळी मांडली. थोड्या वेळानं हौसाबाई आली. पुढची पाळी तिची. टोपली कमरेवर घेऊन उभी राहिली. मी म्हटलं, "आत्या, आजचा एक दिवस बसते ना. सण आहे. उद्यापासून तुम्ही." मला नजर वर करता येईना. ती गरीब बाई म्हणाली, "बस गो," आणि टोपली घेऊन तशीच उभी राहिली. जाणार तरी कुठं? तिच्या जुन्या ओट्यावर दुसरी येऊन बसलेली.

बाजार भरत होता. तेवढ्यात मागून पाण्याचा आवाज आला. दगडाबाई मागचा ओटा धूत होती. तिचा नव्हे, तिला आता एक ओटा पुढं सरकायचं होतं. माझा धूत होती. बादली ओतायची, खराटा मारायचा, परत बादली. सगळं निथळून झाल्यावर कमरेवर हात ठेवून तिथूनच ओरडली, "गो सगुणे, तुझी जागा धुतली!"

बस्, एवढंच. शिवी नाही, टोमणा नाही.

मी मासळी गोळा केली. पहिलं गिऱ्हाईक समोर उभं असताना टोपली उचलली आणि निघाले. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत चालताना प्रत्येक पावलाला वाटत होतं, परत फिरावं. लोक दारात गर्दी करत होते आणि मी त्या गर्दीकडे पाठ करून जात होते. डोळे भरून आलेले, आणि तेही लाजेनं नाही हो, लोभानं! तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हे महिन्याभराच्या जागेसाठी करतेय. तिनं तर जन्माची सोडली होती, कागदावर नाव असलेली, आणि तीही कोणी मागितलेली नसताना.

मागं पोचले. ती खराटा आपटून झटकत होती. मी तिला विचारलं, "दगडे, त्या दिवशी तू कशी गं उठलीस?"

"कशी म्हणजे?" ती म्हणाली. "रडत उठले. तुला काय वाटलं, देवी आली अंगात? रात्रभर नवऱ्याला शिव्या घातल्या, तो बिचारा विचारतोय माझं काय चुकलं. सकाळी इथं येऊन बसले तरी मनात तुझ्या नावानं बोटं मोडत होते."

मी टोपली खाली ठेवली आणि तिच्या गळ्यात पडले. मासळीचे हात, खवल्यांचे, तसेच. मीही आज तशीच रडत उठले, एवढंच तिला सांगायचं होतं, पण नुसते हुंदके.

ती मला ढकलत होती. "सोड गो! लुगडं नवं हाय माझं, वास लागेल!"

मी सोडलं नाही. मग तिनंही खराटा टाकला.